महामारीनंतरचा स्थानिक रोजगार बाजार : मुंबईचे तीन अनुभव (१८९६, १९१८ व २०२०)

सारांश

महामारी ओसरल्यानंतर अर्थव्यवस्था पूर्वपदावर आली किंवा नाही, हे बहुधा उत्पादनाच्या आणि बेरोजगारीच्या आकड्यांवरून ठरविले जाते. परंतु उत्पादन सावरणे आणि रोजगार बाजार सावरणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. प्रस्तुत लेखात मुंबई शहराने अनुभवलेल्या तीन महामारींच्या, म्हणजे १८९६ चा प्लेग, १८९८ नंतर वीस वर्षांनी आलेला १९१८ चा इन्फ्ल्युएंझा आणि २०२० चा कोविड-१९ यांच्या, आधारे हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कामगार आधी गेला की काम आधी गेले, यावर महामारीनंतरची सौदाशक्ती अवलंबून असते. आणि कामगाराचे परतणे हे वेतन, निवारा, वाहतूक व गावाकडचा आधार या चार दुव्यांवर ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : महामारी, स्थानिक रोजगार बाजार, स्थलांतरित कामगार, वेतनप्रदान, सौदाशक्ती, आर्थिक पुनरुज्जीवन.

१. प्रस्तावना

महामारी ही प्रथमतः आरोग्यविषयक आपत्ती असली तरी तिचे परिणाम रुग्णालयाच्या भिंतींपुरते मर्यादित राहत नाहीत. ज्या घरात आजार शिरत नाही त्या घराचीही मिळकत थांबू शकते. कारखाना, दुकान, बंदर, बांधकाम, घरकाम अशा प्रत्येक ठिकाणी माणसामाणसांतील संपर्कावर काम चालते आणि महामारीत नेमका हा संपर्कच धोकादायक ठरतो. म्हणून साथीचा इतिहास हा एका अर्थाने श्रमाचाही इतिहास असतो.

आर्थिक पुनरुज्जीवनाची चर्चा सामान्यतः राष्ट्रीय उत्पन्नाच्या भाषेत होते. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे स्थूल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. त्यानंतर २०२१-२२ या वर्षात ते महामारीपूर्व पातळीच्या पुढे गेले. या आकड्यांवरून दोन वर्षांत अर्थव्यवस्था सावरली असे म्हणता येते. मात्र २०२० मध्ये मुंबई-ठाण्याचे काम सोडून गावी गेलेला कामगार त्याच कामावर, त्याच वेतनावर परतला काय, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नाही.

हे उत्तर स्थानिक पातळीवर शोधावे लागते. त्यासाठी मुंबई हे शहर विशेष उपयुक्त आहे. सव्वाशे वर्षांच्या काळात या शहराने तीन मोठ्या महामारी अनुभवल्या आणि तिन्ही वेळी त्याचा श्रमिक वर्ग प्रामुख्याने बाहेरगावाहून आलेला होता. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ८४ टक्के रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. त्यामुळे तीन भिन्न कालखंडांची तुलना करण्यास एक समान पार्श्वभूमी उपलब्ध होते.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

स्थानिक रोजगार बाजार म्हणजे ज्या परिघात कामगार घरून निघून कामावर जाऊ शकतो आणि त्याच दिवशी परतू शकतो, तो परिघ. या व्याख्येनुसार रोजगार बाजाराची सीमा महानगरपालिकेच्या हद्दीवर अवलंबून नसून वाहतुकीच्या साधनांवर अवलंबून असते. विरार, बदलापूर किंवा पनवेल येथे राहणारा कामगार मुंबईच्या रोजगार बाजाराचा घटक असतो तो उपनगरी रेल्वेमुळे.

मुंबईच्या बाबतीत या परिघाबाहेर आणखी एक परिघ आहे. तो म्हणजे कामगाराचे गाव. गिरणीच्या काळात रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे आली. पुढे उत्तर प्रदेश, बिहार व अन्य राज्यांतून आली. त्यांपैकी अनेकांचे कुटुंब, शेतीचा तुकडा आणि नातेसंबंध गावीच राहिले. शहरातील काम थांबले की गाव हा विमा ठरतो. परंतु हा विमा फुकटचा नसतो. त्याचा हप्ता गावाकडील कुटुंब, विशेषतः त्यातील स्त्रिया, आपल्या श्रमातून भरत असतात.

या दोन परिघांना जोडणारे चार दुवे आहेत : वेतन कसे व केव्हा मिळते, शहरात राहण्यास जागा आहे की नाही, कामावर पोहोचण्याची सोय आहे की नाही, आणि गावाकडे तग धरण्याइतका आधार आहे की नाही. महामारीत हे दुवे कोणत्या क्रमाने तुटतात आणि नंतर कोणत्या क्रमाने जोडले जातात, यावर स्थानिक रोजगार बाजाराचे सावरणे अवलंबून असते.

३. प्लेग आणि थकीत वेतनाचा दुवा (१८९६-९८)

सप्टेंबर १८९६ मध्ये बंदरालगतच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत शहरातून अभूतपूर्व पलायन झाले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेल्याचे समकालीन शासकीय अहवाल सांगतात. या पलायनामागे केवळ रोगाची भीती नव्हती. घरांची झडती, रुग्णांना बळाने रुग्णालयात हलविणे, कुटुंबीयांना विलगीकरण छावणीत नेणे या उपायांचा धसकाही तितकाच होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये संमत झालेल्या साथरोग कायद्याने प्रशासनाला या उपायांसाठी व्यापक अधिकार दिले.

या काळात बहुतेक कापडगिरण्यांची दारे उघडी होती. यंत्रे होती, कापूस होता. नव्हता तो कामगार. त्यामुळे श्रमाच्या बाजारात एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. जे कामगार शहरात उरले, त्यांच्यासाठी गिरण्यांमध्ये चढाओढ लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर कामगारांचा जणू लिलाव होत असे आणि जी गिरणी अधिक रोज देईल तिकडे कामगार जात, असे वर्णन त्या काळाच्या नोंदींत आढळते.

या चढाओढीत कामगारांनी केवळ अधिक वेतन मागितले नाही. त्यांनी ते रोजच्या रोज मागितले. या मागणीचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन वेतनपद्धती लक्षात घेणे आवश्यक आहे. गिरणीत एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याचे कित्येक दिवस उलटल्यावर दिले जात असे. म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची कमाई नेहमीच मालकाकडे अडकलेली असे आणि पूर्वसूचना न देता काम सोडल्यास ती बुडत असे. दरम्यानच्या काळात कामगार वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या कर्जावर दिवस काढी. थकीत वेतन हीच कामगाराला गिरणीशी बांधून ठेवणारी दोरी होती.

ही तक्रार नवीन नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी जे निवेदन केले, त्यात रविवारची सुट्टी व दुपारची विश्रांती यांबरोबरच मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावे, अशी मागणी होती. जी गोष्ट निवेदनाने बारा वर्षांत मिळाली नव्हती, त्याहून मोठी गोष्ट, म्हणजे रोजंदारी वेतन, प्लेगने काही आठवड्यांत मिळवून दिली. प्लेगग्रस्तांसाठी काम करीत असतानाच लोखंडे यांचे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने निधन झाले, हा इतिहासातील एक दुर्दैवी योगायोग होय.

मॉरिस डी. मॉरिस, राजनारायण चंदावरकर आणि अलीकडच्या काळात आदित्य सरकार यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांविषयी केलेल्या अभ्यासांतून या कालखंडावर प्रकाश पडतो. त्यातून दिसणारे चित्र असे, की मालकांनी आपसांत करार करून ही चढाओढ रोखण्याचा प्रयत्न केला. पण संकटाच्या ऐन भरात तो टिकला नाही. कामगार परतू लागताच मात्र मासिक वेतनाची जुनी पद्धत पुन्हा लादण्यात आली आणि तिच्याविरुद्ध ठिकठिकाणी संप झाले. टंचाईने मिळालेली सौदाशक्ती टंचाई असेपर्यंतच टिकली. तिला कायद्याचा अथवा संघटनेचा आधार नव्हता. वेतन ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घालणारा वेतनप्रदान कायदा १९३६ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनंतर आला.

शहर मात्र सावरले. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ७,७६,००६ इतकी घटलेली दिसते, तर १९११ मध्ये ती ९,७९,४४५ झाली. प्लेग दर हिवाळ्यात परत येत असूनही माणसे आली, कारण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी गावाकडचा आधारच खिळखिळा केला होता. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते : शहराकडे परतणारी गर्दी हे नेहमीच शहराच्या आरोग्याचे लक्षण नसते, ते गावाच्या हलाखीचेही लक्षण असू शकते.

प्लेगमुळे निवाऱ्याचा प्रश्न प्रथमच शासनाच्या विषयपत्रिकेवर आला. १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याने रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्यासारख्या वस्त्या आखल्या. तथापि दाट वस्तीतील जितक्या खोल्या पाडल्या गेल्या, तितक्या श्रमिकांना परवडतील अशा खोल्या वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत, ही टीका या मंडळावर सातत्याने होत राहिली.

४. इन्फ्ल्युएंझा, महागाई आणि संघटना (१९१८-२१)

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्ल्युएंझाची पहिली लाट मुंबईत आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अधिक घातक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. संपूर्ण भारतात किमान सव्वा कोटी माणसे मृत्युमुखी पडल्याचे तत्कालीन अंदाज होते. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा त्याहून बराच अधिक मानला आहे. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील भारताच्या लोकसंख्येत घट नोंदविणारे एकमेव दशक होय.

प्लेग आणि इन्फ्ल्युएंझा यांच्या आर्थिक परिणामांत मूलभूत अंतर आहे. प्लेगच्या वेळी कामगार शहर सोडून गेला. १९१८ मध्ये पळून जाण्यास जागाच उरली नव्हती, कारण ही साथ खेड्यापाड्यांत तितक्याच वेगाने पोहोचली. शिवाय या रोगाने लहान मुले व वृद्ध यांच्याबरोबरच वीस ते चाळीस या कमावत्या वयातील माणसांचा मोठ्या प्रमाणावर बळी घेतला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि महायुद्धामुळे वाढलेल्या धान्य-कापडाच्या किमती आणखी भडकल्या. गिरणीमालकांना युद्धकाळात चांगला नफा झाला होता. कामगाराचे वास्तव वेतन मात्र घसरले होते.

या परिस्थितीत कामगाराने वैयक्तिक सौद्याचा मार्ग न धरता सामूहिक मार्ग धरला. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतील लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. जानेवारी १९२० मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. दोन्ही संपांनंतर वेतनात वाढ मिळाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या उभारणीत सहभागी असलेल्या ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने इन्फ्ल्युएंझाच्या काळात श्रमिक वस्त्यांत मदतकार्य केले होते. मदतकार्यातून वस्तीशी जुळलेला संबंध पुढे कामगार चळवळीस उपयोगी पडला.

या कालखंडाचे आणखी एक फलित कमी चर्चिले जाते. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय, म्हणजे लेबर ऑफिस, स्थापन केले. वेतन, कामगार कुटुंबांचा खर्च, निर्वाहखर्चाचा निर्देशांक आणि संप यांची पद्धतशीर माहिती गोळा करणे हे त्याचे काम होते. महामारी, महागाई आणि संप यांच्या अनुभवानंतर शासनाला उमगले, की ज्या बाजाराची मोजणीच होत नाही त्याचे नियमन करता येत नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या चाळी हाही याच दशकातील प्रतिसाद होय. याचा अर्थ असा, की १८९७ चा लाभ क्षणिक ठरला, तर १९१९ नंतरच्या लाभाला काही संस्थांचे अधिष्ठान मिळाले.

५. कोविड-१९ आणि थांबलेले काम (२०२०-२२)

२५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. येथे १८९६ च्या तुलनेत घटनांचा क्रम उलटा होता. आधी काम थांबले, नंतर वाहतूक थांबली आणि कामगार दोहोंच्या मध्ये अडकला. नाक्यावर रोज उभा राहणारा मजूर, भिवंडीच्या यंत्रमागावर नगावर मजुरी घेणारा विणकर, बांधकामाच्या जागेवरच राहणारा गवंडी, चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री यांपैकी कोणाकडेही महिनाभर पुरेल अशी शिल्लक असण्याचा संभव कमी होता.

वेतनाच्या दुव्याबाबत शासनाने आरंभी एक पाऊल उचलले. टाळेबंदीच्या काळात कामगारांना पूर्ण वेतन द्यावे, असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी दिला. तो मे महिन्याच्या मध्यानंतर मागे घेण्यात आला. या आदेशाची मर्यादा उघड होती. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, ज्याचा मालक म्हणजे प्रत्यक्षात मुकादम आहे, त्याने हे वेतन कोणाकडे मागावे? १८९७ मध्ये कामगाराचे वेतन मालकाकडे थकलेले असे. २०२० मध्ये अनेकांच्या बाबतीत मालक कोण, हेच निश्चित नव्हते. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत तर दोरी उलट्या दिशेने बांधलेली असते. तेथे मालकाकडे वेतन थकत नाही. मजुरावरच उचलीचे कर्ज असते. टाळेबंदीत साखर कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या या मजुरांना गावी परतण्याची परवानगी राज्य शासनाने एप्रिल २०२० मध्ये दिली.

निवाऱ्याचा दुवाही तुटला. काम बंद असताना खोलीचे भाडे चालूच राहिले. १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. त्यांतून सुमारे ६३ लाख प्रवासी आपापल्या राज्यांत परतले. या गाड्या सोडणाऱ्या राज्यांत गुजरातखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता. १ कोटी १४ लाखांहून अधिक स्थलांतरित कामगार आपल्या राज्यांत परतल्याची माहिती केंद्र शासनाने संसदेत दिली. अनेकांनी गाड्यांची वाट न पाहता पायी रस्ता धरला. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर विसावलेले १६ मजूर मालगाडीखाली ठार झाले. चारही दुवे एकाच वेळी तुटले म्हणजे काय होते, याचे याहून दारुण उदाहरण नाही.

जे शहरात राहिले त्यांच्यासाठी वाहतुकीचा दुवा निर्णायक ठरला. महामारीपूर्वी मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दररोज सुमारे ८० लाख प्रवास होत असत. मार्च २०२० मध्ये ही सेवा बंद झाली. १५ जून २०२० पासून ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, ऑक्टोबरमध्ये ठरावीक वेळांत स्त्रियांसाठी आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून वेळेच्या बंधनासह सर्वांसाठी खुली झाली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा सामान्यांसाठी बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा पूर्ण झालेल्यांना प्रवेश मिळाला. म्हणजे कागदोपत्री दुकाने व कार्यालये उघडल्यानंतरही दीर्घकाळ, कल्याण किंवा नालासोपारा येथील कामगाराच्या दृष्टीने मुंबईचा रोजगार बाजार बंदच होता. स्थानिक बाजाराची सीमा वाहतूक ठरविते, या विधानाची ही प्रत्यक्ष प्रचिती होय.

चौथा दुवा, म्हणजे गावाकडचा आधार, या वेळी मोठ्या प्रमाणावर शासकीय योजनांनी सांभाळला. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली २०१९-२० मध्ये सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. २०२०-२१ मध्ये हा आकडा सुमारे ३८९ कोटींवर गेला. या योजनेचे मूळ महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबविली गेली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. दुष्काळासाठी घडविलेले साधन महामारीत उपयोगी पडले. मात्र ते ग्रामीण भागापुरते होते. शहरातील बेरोजगारासाठी असे हमीचे साधन उपलब्ध नव्हते, आणि म्हणूनही त्याला गाव गाठावे लागले. रोजगार हमीच्या या केंद्रीय कायद्याची जागा घेणारा, १२५ दिवसांच्या कामाची तरतूद असलेला नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. त्याचाही परिघ ग्रामीणच आहे.

६. तिन्ही अनुभवांची तुलना

वरील विवेचनावरून एक प्रश्न उपस्थित होतो. १८९७ मध्ये कामगार शहर सोडून गेला आणि त्याचा भाव वाढला. २०२० मध्येही तो शहर सोडून गेला, पण त्याचा भाव तसा वाढला नाही. असे का झाले?

याचे पहिले कारण घटनाक्रमात आहे. प्लेगमध्ये श्रमाचा पुरवठा आटला, मागणी कायम राहिली. कोविडमध्ये मागणीच प्रथम थांबविली गेली आणि पुरवठा नंतर पांगला. टाळेबंदी शिथिल झाल्यावर काही ठेकेदारांनी कामगारांना परत आणण्यासाठी वाहनांची सोय केली, काहींनी आगाऊ रक्कमही दिली. परंतु ही टंचाई अल्पकालीन व विशिष्ट कौशल्यांपुरती होती. परतणाऱ्यांच्या मागे कर्ज होते आणि समोर कामे मोजकी होती.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपात आहे. गिरणीत हजारो माणसे एका छपराखाली काम करीत. त्यांना परस्परांचा रोज ठाऊक असे आणि एकत्र थांबणे शक्य असे. २०२० चा श्रमिक लहान कारखाने, उपकंत्राटे, घरकाम आणि फिरती विक्री यांत विखुरलेला होता. तिसरे कारण मोजणीत आहे. १९२१ च्या कामगार कार्यालयापुढे निदान गिरणी कामगाराचे चित्र स्पष्ट होते. २०२० मध्ये असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदच नव्हती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीचा कायदा १९७९ पासून अस्तित्वात असूनही त्याखालील नोंदणी अत्यल्प होती. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये दिलेल्या आदेशानंतर, २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम हे नोंदणी संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत त्यावरील नोंदणी ३० कोटींपलीकडे गेली.

७. पुनरुज्जीवन मोजावे कसे?

बेरोजगारीचा दर पाहिल्यास चित्र आश्वासक दिसते. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार भारताच्या नागरी भागातील बेरोजगारी एप्रिल-जून २०२० मध्ये सुमारे २१ टक्क्यांवर गेली होती. जुलै-सप्टेंबर २०२० मध्ये ती १३.३ टक्के, तर एप्रिल-जून २०२२ मध्ये ७.६ टक्के झाली. ही पातळी २०१९ च्या त्याच तिमाहीतील ८.९ टक्क्यांहूनही कमी होती.

परंतु ज्या समाजात बेरोजगारी भत्ता नाही, तेथे गरीब माणूस फार काळ बेरोजगार राहू शकत नाही. तो मिळेल ते काम करतो. म्हणून काम आहे किंवा नाही, यापेक्षा कोणते काम आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. याच सर्वेक्षणात एकूण रोजगारातील शेतीचा वाटा पुढीलप्रमाणे आढळतो :

२०१८-१९ : ४२.५ टक्के
२०१९-२० : ४५.६ टक्के
२०२०-२१ : ४६.५ टक्के
२०२१-२२ : ४५.५ टक्के
२०२२-२३ : ४५.८ टक्के
२०२३-२४ : ४६.१ टक्के

आर्थिक विकासाबरोबर शेतीवरील श्रमिकांचा वाटा घटत जावा, ही अपेक्षा असते आणि भारतात अनेक दशके तसे घडत होते. महामारीने हा प्रवाह उलटविला आणि उत्पादन सावरल्यानंतरही तो पूर्ववत झाला नाही. याच काळात स्वयंरोजगारी व्यक्तींचा वाटा ५२.१ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित वेतनावरील नोकरांचा वाटा २३.८ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर आला. स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग मोठ्या प्रमाणात वाढला, ही स्वागतार्ह बाब असली तरी त्यातील बरीच वाढ ग्रामीण भागात, स्वतःच्या शेतीवर अथवा घरच्या व्यवसायात विनावेतन मदतनीस म्हणून झालेली आहे. गावाच्या विम्याचा हप्ता कोण भरतो, याचे उत्तर या आकड्यांत मिळते.

हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत. मुंबईतून गेलेला कामगार आज नेमका कोठे आहे, हे त्यांवरून थेट सांगता येत नाही. मात्र शहरांचे उत्पादन पूर्ववत झाले आणि शहरांनी गावांकडे लोटलेला श्रम पूर्णपणे परत घेतला नाही, एवढा निष्कर्ष त्यांवरून निश्चितपणे काढता येतो.

८. निष्कर्ष

१) उत्पादनाचे सावरणे आणि स्थानिक रोजगार बाजाराचे सावरणे यांचा वेग व मार्ग भिन्न असतो. पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान करणे दिशाभूल करणारे ठरते.

२) महामारीमुळे कामगाराची सौदाशक्ती आपोआप वाढत नाही. श्रम आधी दुर्मीळ होतो की काम आधी थांबते, यावर ते अवलंबून असते.

३) टंचाईमुळे मिळालेला लाभ संस्थात्मक आधाराशिवाय टिकत नाही. १८९७ ची रोजंदारी संपुष्टात आली. १९१९ नंतर संघटना आणि कामगार कार्यालय यांमुळे काही लाभ रुजले.

४) वेतन, निवारा, वाहतूक आणि गावाकडचा आधार हे दुवे परस्परावलंबी आहेत. त्यांपैकी एक दुरुस्त करून इतर तुटलेले ठेवल्यास कामगार परतत नाही, किंवा पूर्वीपेक्षा हलक्या अटींवर परततो.

९. शिफारशी

वेतनविषयक संहिता आणि अन्य तीन श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देण्याची त्यांतील तरतूद ही १८८४ च्या मागणीच्या कितीतरी पुढे गेलेली आहे. तथापि हजेरीपट नसलेल्या कामगाराला तिचा लाभ मिळण्यासाठी मुकादम व उपकंत्राटदार यांच्या पातळीवर वेतनाची नोंद होणे आवश्यक आहे. शहरांत श्रमिकांना परवडतील अशा भाड्याच्या घरांचा प्रश्न आपत्तीची वाट न पाहता हाती घेतला पाहिजे. भावी साथीत सार्वजनिक वाहतुकीवर निर्बंध घालताना, त्यामुळे कोणाची उपजीविका तुटते, याचा विचार आरोग्याच्या विचाराबरोबरच व्हावा.

शेवटची शिफारस माहितीविषयी आहे. जानेवारी २०२५ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची रचना बदलली असून मासिक अनुमाने प्रसिद्ध होऊ लागली आहेत, तसेच नमुना निवडीत जिल्ह्याला मूलभूत स्थान मिळाले आहे. परंतु नाक्यावर सकाळी किती माणसे उभी राहतात, त्यांपैकी किती जणांना काम मिळते आणि रोज किती मिळतो, हे तालुक्याच्या पातळीवर टिपणारी व्यवस्था आजही नाही. ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र विभागांना हे काम अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, पदव्युत्तर प्रकल्प आणि दरवर्षी त्याच नाक्यावर, त्याच महिन्यांत, त्याच प्रश्नावलीने केलेली पाहणी एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे. अशा नोंदी दहा वर्षे सलग राहिल्या, तर पुढील आपत्तीच्या वेळी आपल्या तालुक्यातून कोण गेले, कोण परतले आणि कोणत्या अटींवर परतले, हे सांगण्यासाठी अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही. २०२० मध्ये हजारो माणसे रस्त्याने चालत निघाली, तेव्हाच त्यांची संख्या शासनाच्या आणि समाजाच्या लक्षात आली. पुढील वेळी ती आधीच ठाऊक असणे, ही ज्ञानसंस्थांची जबाबदारी ठरते.